सुरंगीचा दगड घरी गेला

१

रविवारी सकाळी मी संग्रहालयाच्या दाराला हात लावला आणि ते आपोआप आत गेलं. कुलूप कडीला नुसतं लटकत होतं. "गोकुळ!" म्हणून हाक मारली, तर माझाच आवाज तीन खोल्या फिरून परत आला.

आमचं संग्रहालय म्हणजे काही राजवाडा नव्हे. सिल्वासाला पोर्तुगिजांच्या वेळची एक जकातीची चौकी होती, ती आमच्या इतिहास मंडळाने भाड्याने घेतलेली. तीन खोल्या, चार कपाटं आणि पगारी माणसं तीन: प्रमुख विश्वनाथराव, कारकून मी, म्हणजे श्रीकांत, आणि रात्रीचा राखणदार गोकुळ. साल १९८७. तिकडे सायलीला नवनवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्याकडे आठवड्यातून एखादा माणूस यायचा, तोही बहुधा पाणी प्यायला.

मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी मी सवयीने चपला काढल्या, तिथल्या जोडाशेजारी लावल्या आणि आत पाऊल टाकलं. समोर दगड नव्हता.

दगड म्हणजे सुरंगीची गधेगाळ. पूर्वी राजाने जमीन दान दिली की त्या जमिनीत असा दगड पुरत. वर चंद्रसूर्य, मधे लेख, आणि खाली गाढव आणि बाई यांचं असं चित्र, की मी रत्नागिरीच्या संस्कारांत वाढलेला माणूस ते वर्णन करणार नाही. दान मोडणाऱ्याच्या घरच्या बाईवर हा प्रसंग येईल, असा तो शाप. आमचा दगड छातीएवढा उंच आणि फरशीसारखा चपटा होता. चंद्रसूर्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचं जाड कवच होतं. खालची अक्षरं आणि ते चित्र मात्र स्वच्छ.

काही वर्षांपूर्वी सुरंगीला रस्ता करताना बुलडोझरने तो उपटला आणि ठेकेदाराने ट्रकमध्ये घालून आमच्या दारात आणून टाकला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. विश्वनाथराव तर तेव्हा मुंबईतच होते, आमच्याकडे नंतर आले. बुलडोझर चालवणारा त्याच महिन्यात तापाने गेला. तेव्हापासून सुरंगीचा भगत झिपरू अधूनमधून येऊन आमच्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "देव आपल्या पायांनी घरा जाईल. जाताना एकाला संगतीला नेईल." आम्ही त्याला चहा द्यायचो. दुसरं काय करणार?

मी रिकाम्या खोलीत खुळ्यासारखा उभा होतो, तेवढ्यात खानवेलकडून आलेल्या बसचा कंडक्टर दारात डोकावला.

"कारकूनसाहेब, तुमचा दगड सुरंगीला उभा आहे. पाड्यातले म्हणतात, रात्री चालत आला."

गोकुळ मात्र कुठेच नव्हता.

२

विश्वनाथरावांनी जीप काढली. मंडळाची ती खटारा जीप त्यांच्याखेरीज कोणाच्या हाती दिलेली नव्हती. वाटेत शाळेपाशी नलिनीबाईंना घेतलं. या आमच्या हायस्कूलच्या संस्कृतच्या बाई, मूळच्या गुहागरच्या. जुने लेख वाचण्याचा आणि त्यांचे कागदावर ठसे घेण्याचा त्यांना नाद. बोलणं असं, की मुख्याध्यापकही त्यांच्यासमोर शुद्ध बोलत.

पाड्याच्या पलीकडे, सागाचं रान सुरू होतं तिथे, धुक्यात दगड उभा होता. ताठ. वाटेवरून येणाऱ्याला अक्षर न्‌ अक्षर दिसेल असा. माझ्या अंगावर काटा आला, उगाच शूरपणा कशाला सांगू?

दगडाभोवती पाड्यातली कुत्री पसरली होती. भुंकत नव्हती. नाकं जमिनीला टेकवून बारीक कण्हत होती. एकाला मी खडा मारला, तरी ते उठलं नाही.

"देवाने बोलावली त्यांना," कोणीतरी हळूच म्हणालं.

फौजदार गजानन सावे आधीच येऊन पोचले होते. त्यांनी उलगडाही करून टाकला होता. "सरळ केस आहे. तुमच्या राखणदाराने पाड्याकडून काहीतरी घेतलं, दगड पोचवला आणि पळाला. काय रे झिपरू?"

झिपरू लांब उभा होता. मला वाटलं होतं, देव परत आला म्हणून हा नाचत असेल. पण म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आम्ही नाय आणला, साहेब. काल सगळा पाडा खेरडीला लग्नाला. रातभर तारपा वाजत होता. मी परवाच यांच्या पायरीवर बसून सांगितला होता, का आम्ही कोणी नसू."

हे खरं होतं. सांगितलं तेव्हा मी, विश्वनाथराव आणि गोकुळ तिघेही तिथे होतो.

"मग आणला कोणी?" सावेंनी विचारलं.

"देव आला," झिपरू म्हणाला, "पण उघडा आला. बायांनी तोंडा फिरवली. आमचा देव असा नाय येणार."

सावे हसले. विश्वनाथरावांनी चष्मा पुसत मला समजावलं, "तेलशेंदूर लावलेला नाही म्हणून उघडा म्हणतोय. आता यांच्या भावना दुखावून दगड पुन्हा न्यायचा नाही, श्रीकांत. इथेच राहू दे. इथली माती खणणं म्हणजे दंगलीला आमंत्रण." किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं.

नलिनीबाई दगडाजवळ गेल्या. त्यांनी दगडाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथला शेंदूर खरवडून, घासून काढला होता. खालचा काळा दगड धुतलेल्या वाटीसारखा लखलखीत होता. मग त्या पदर खोचून मागच्या करवंदीच्या जाळीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"काय होतं तिथे?" मी विचारलं.

"माती," त्या म्हणाल्या. "ताजी, भुसभुशीत. जाळीभर फेकलेली. श्रीकांत, हातभर खोल दगड पुरायला केवढा खड्डा लागतो रे?"

३

परत आलो तर पायरीवर कावेरी बसली होती, गोकुळची बायको. शहाद्याकडची ही माणसं. गोकुळ पूर्वी सायलीला अरविंदभाईंच्या प्लास्टिकच्या कारखान्यात राखणदार होता. गेटपास नाही म्हणून त्याने मालकाच्या मेव्हण्यालाच फाटकात अडवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी बसला. आमच्याकडे आल्यावरही तोच खाक्या. एकदा रात्री मी विसरलेली छत्री न्यायला आलो, तर पठ्ठ्याने मला ती सकाळपर्यंत दिली नाही.

"बाई," कावेरी नलिनीबाईंना म्हणाली, "पोलीस चाळीत आले. सगळ्या लोकांसमोर फौजदार म्हनले, तुझा नवरा चोर शे. भांडी उपडी केली, गोधड्या फाडल्या. मना माणूस चोर नही, बाई. जिता असंल तर कुठे शे ते सांगा. मेला असंल तर कुठे शे ते सांगा. पन चोर म्हनू नका. मी गावाकडे कोन्या तोंडानं जाऊ?"

नलिनीबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. मधल्या खोलीपाशी येताच कावेरी थबकली. तिचा हात उंबऱ्याकडे गेला.

"ह्या त्याच्या."

टायरच्या चपलांचा जोड. अंगठा तारेने शिवलेला. सकाळी मी माझ्या चपला ज्याच्या शेजारी सरळ लावल्या होत्या, तोच. मी तो पाहिला होता आणि पाहिला नव्हता.

"इथे चपला का काढायचा तो?" बाईंनी मला विचारलं.

"आत देव आहे म्हणून. मीही काढतो. विश्वनाथराव थट्टा करतात आमची. म्हणतात, दगडाला कसलं सोवळं? ते बुटांसकट जातात."

बाई खाली वाकून त्या चपलांकडे बघत राहिल्या. मग कावेरीकडे न बघता हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "दगड घेऊन पळणारा माणूस चपला इतक्या नीट लावून जात नाही. तो या खोलीत गेला, श्रीकांत. आपल्या पायांनी बाहेर आला नाही."

४

सोमवारी बाईंनी शाळेतून रजा काढली. त्यांची ही पहिलीच रजा असावी, कारण मुलांनी म्हणे पेढे वाटले.

आधी अरविंदभाई. दोनच महिन्यांपूर्वी ते दगड मागायला आले होते, बंगल्याच्या बागेत उभा करायला. शिवाय गोकुळवर त्यांचा राग.

"अरे नलिनीबेन, मी मागितला होता, खरी वात छे," ते हात जोडून म्हणाले. "पण माझ्या बायडीला कोणीतरी सांगितलं के त्यावर गाढव आहे, ने शुं शुं आहे! ती बोलली, ते घरात आलं तर मी माहेरी. तो दगड फुकट दिला तरी नको."

"आणि गोकुळ?"

"माणूस प्रामाणिक. एकदम अडियल, पण प्रामाणिक. माझ्या साल्याला अडवला म्हणून काढावा लागला. घरात शांती पाहिजे ने?"

मग आम्ही विश्वनाथरावांकडे गेलो. ते आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. दोन दिवसांत माणूस वाळून गेल्यासारखा दिसत होता. शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला आपण घरी गेलो, ताप होता, लवकर झोपलो, असं त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीसारखाच मऊ. या माणसाने मला लेख वाचायला शिकवलं. माझ्या आईच्या आजारपणात स्वतः जीप चालवून तिला मुंबईला पोचवलं. म्हणून बाई त्यांना खोदून विचारायला लागल्या, तेव्हा मला त्यांचा रागच आला.

"दिल्लीला ताम्रपट कधी जायचाय?" बाईंनी मधेच विचारलं.

हा ताम्रपट म्हणजे आमच्या संग्रहालयाचा खरा दागिना. तळहाताएवढे तीन तांब्याचे पत्रे, एका कडीत ओवलेले. विश्वनाथरावांनी त्यावर आयुष्याची कैक वर्षं घातली होती. आता तो मोठ्या संग्रहासाठी दिल्लीला पाठवायचा हुकूम आला होता.

"पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले.

"एकदा बघू?"

त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. बाईंनी पत्रा हातात घेतला. वाचला नाही. डोळे मिटले आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला, पिठात खडा आहे का बघतात तसा. मग परत दिला.

"छान," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

५

"ताम्रपट खोटा आहे," बाई म्हणाल्या.

मी रस्त्यातच थांबलो.

"मागच्या वर्षी मी त्याचे ठसे घेतले, तेव्हा सगळा दिवस तो हाताळला होता. तांब्यावर छिन्नीने अक्षर कोरलं की कडेला धातू वर येतो. शेकडो वर्षांनीही ती कड बोटाला लागते. आजच्या पत्र्याला ती कडच नाही. सगळं गुळगुळीत. खऱ्यावरून साचा काढून ओतलाय तो. डोळ्यांना फसवील, अंगठ्याला नाही."

"पण कपाटाची किल्ली तर…"

"एकाच्याच कमरेला असते."

मी विश्वनाथरावांची बाजू मांडायला लागलो, पण बाईंनी हात वर केला.

"त्यांनी तो विकला नसणार," बाई पुढे म्हणाल्या. "त्या माणसाला मी ओळखते. त्यांना तो सोडवत नव्हता. शनिवारी रात्री नक्कल कपाटात ठेवून खरा घेऊन निघाले असतील. मधल्या खोलीतूनच बाहेर यावं लागतं. आणि तिथे कोण उभा? मालकाच्या मेव्हण्यालाही न सोडणारा माणूस. चपला काढून, हात आडवा लावून."

"म्हणजे गोकुळला त्यांनी… पण मग दगड कशाला हलवायचा? दगडाचं काय काम होतं?"

"दगडाचं काम नव्हतंच. काम जागेचं होतं." बाई चालू लागल्या. "उद्या सावेंना सुरंगीला बोलाव. झिपरूलाही. कावेरीलाही घेऊ."

"तिला कशाला, बाई?"

"कारण तिने विचारलंय, कुठे आहे म्हणून. तिला विचारायचा हक्क आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की कुत्री दिसत. आणि आता कळलं होतं, की त्यांच्यातलं एकही दगडाकडे बघत नव्हतं.

६

मंगळवारी दुपारी सगळे त्या दगडापाशी जमलो. विश्वनाथरावही आले. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, पाड्याला दगडाचं महत्त्व समजावून सांगा. असं कोणी म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे.

"आधी मला सांगा," बाई म्हणाल्या, "गधेगाळ उभी कशी करायची असते?"

विश्वनाथराव खुलले. बोलताना त्यांचा ताप पळून जायचा. "पायाचा कोरा भाग तेवढा जमिनीत. चित्र आणि लेख वर. तोंड वाटेकडे. शाप आहे ना तो! येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता आला पाहिजे."

"अगदी बरोबर. हा तसाच उभा आहे. झिपरूदादा, तुमचा देव कसा उभा होता?"

झिपरू पुढे आला. त्याने आपल्या कमरेवर आडवा हात धरला.

"एवढा जमिनीत. वर निसता चांद न्‌ सूर्य. माझा बाप, त्याचा बाप, सगळ्यांनी तेवढाच पाहिला. तोंड रानाकडं, वाघ यायचा तिकडं. ही अक्षरा, ही बाई, हा गाढव आम्ही कधी नाय पाहिला. म्हणून बोललो, देव उघडा आला."

सावेंनी टोपी मागे सरकवली.

"शेंदूर बघा," बाई म्हणाल्या. "मधोमध रेघ मारल्यासारखा थांबतो. तीच जमिनीची जुनी पातळी. शेकडो वर्षांत माती चढत गेली आणि लेख गाडला गेला. पाड्यातल्या कोणी हा आणला असता, तर कमरेपर्यंत पुरला असता, तोंड रानाकडे केलं असतं आणि धुण्याऐवजी आणखी शेंदूर लावला असता. हा दगड देव म्हणून परत आलेला नाही, सावेसाहेब. शिलालेख म्हणून आलाय. ज्याने त्याला इथे उभा असलेला कधी पाहिला नव्हता, पण गधेगाळ कशी असते हे ज्याला तोंडपाठ होतं, अशा माणसाने तो उभा केला. असे आम्ही इथे दोघेच. मी आणि हे. आणि जीप मला चालवता येत नाही."

विश्वनाथरावांचा चेहरा मी पाहू शकलो नाही. त्यांच्या बुटांकडे बघत राहिलो.

"वरचा कोपरा का धुतला, ते तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "की मी सांगू? ढकललंत तेव्हा गोकुळचं डोकं त्यावर आपटलं. रक्त लागलेला दगड संग्रहालयात ठेवता येईना, आणि पुरलेल्या जागेची ओली माती लपवता येईना. दोन्ही अडचणी एकमेकींवर उभ्या केल्यात. ताजा उकरलेला खड्डा दिसला, तर लोक म्हणणार, दगड पुरलाय. आणि या जागेला कोणी कुदळ लावणार नाही. पाडा भीतीने, सरकार दंगलीच्या धाकाने. फक्त माती जास्त निघाली. माणसाच्या मापाची."

जीपच्या बॉनेटला टेकून विश्वनाथराव हळूहळू खाली बसले.

"ताम्रपट नेऊ नका, असं मी म्हणालो असतो तर कोणी ऐकलं असतं?" ते म्हणाले. "दिल्लीत तळघरात पडला असता तो. त्याला माझ्याशिवाय कोण होतं? मी गोकुळला फक्त बाजूला हो म्हणालो, नलिनीबाई. तो होईना. सकाळी कारकूनसाहेबांना विचारून न्या, म्हणाला. मला, श्रीकांतला विचारून!"

जीपच्या मागच्या भागात, दगड चढवायला-उतरवायला वापरलेल्या साखळी-कप्पीच्या खाली, धुतलेल्या धोतरात बांधलेला खरा ताम्रपट सापडला. त्यांनी तो क्षणभरही दूर ठेवला नव्हता.

झिपरूने दगडापुढे नारळ फोडला आणि त्याच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. मग पाड्यातल्या माणसांनी दगड उचलून सागाच्या पानांवर आडवा केला. शिपायांनी कुदळी पुढे केल्या, तसा झिपरू आडवा आला.

"देवाच्या पुढ्यात लोखंड नाय चालत."

शिपाई मागे सरले. त्यांनाही निमित्तच हवं होतं. एवढ्यात गर्दीतून कावेरी आली, खड्ड्याशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागली. कोणी तिला अडवलं नाही. थोड्या वेळाने झिपरू तिच्यासमोर बसला आणि तोही हातांनीच उकरू लागला. मग मी बसलो. मग पाड्यातल्या बाया. माती भुसभुशीत होती, भराभर निघत होती. कुत्री उठून उभी राहिली.

आधी खाकी बाही दिसली. मग अनवाणी पाऊल.

कावेरीने पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली, कपाळावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती उठली आणि मातीने भरलेल्या हातांनी तशीच सावेंसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही चाळीत चोर म्हनले. सगळ्यांसमोर."

सावे खाली बघत म्हणाले, "बाई, चूक झाली. तो चोर नव्हता."

"मोठ्यानं सांगा. मागच्या लोकांना ऐकू येत नही."

सावेंनी टोपी काढली. पाडा, शिपाई, सायलीच्या चाळीतून आलेली माणसं, सगळ्यांकडे वळून त्यांनी घसा खाकरला.

"गोकुळ चोर नव्हता," ते ओरडून म्हणाले. "तो राखण करताना मेला."

कावेरीने मान हलवली. मग ती परत खड्ड्याशी गेली, त्याच्या उशाशी बसली आणि तिने हंबरडा फोडला.